सोनं-चांदी एकत्र घालायची तर सुरुवात कुठून करायची

लग्नसराईत नात्यातल्या आणि गल्लीतल्या मुलींना तयार करायला मला बोलावतात. जळगावात हे काम मी बरीच वर्षं करते आहे. साडी नेसून झालेली असते, गाडी दारात उभी असते आणि मग प्रश्न येतो, "ताई, ही चांदीची ठुशी मंगळपोतीवर चालेल का?" मागून एखादी आजी म्हणते, "हाई काय घालेल शे वं गयामा?" (हे काय घातलंय गं गळ्यात?) आणि ठुशी परत डबीत जाते.

ठुशी चालली असती. सोनं आणि चांदी आपल्या बायकांच्या अंगावर कायमच एकत्र राहिली आहेत. गळ्यात सोन्याची मंगळपोत, पायात चांदीची जोडवी आणि पैंजण. फरक एवढाच, की दोघांमध्ये अख्ख्या साडीचं अंतर होतं. आता ती एकाच गळ्यात, एकाच मनगटावर शेजारी येतात आणि तिथे सगळा गोंधळ होतो. बहुतेक जणी आवडता दागिना आधी उचलतात. अंगावर आधीच काय काय आहे ते मोजतच नाहीत. पुढचा क्रम याच्या उलटा आहे. त्यासाठी समारंभाच्या आधीच्या दोन दुपारी मोकळ्या ठेवा. आयत्या वेळी यातलं अर्धंही जमत नाही.

## १. पेटी रिकामी करा आणि धातू ओळखा

पलंगावर किंवा टेबलावर पांढरा टॉवेल पसरा, तोही खिडकीजवळ, दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली चांदी निळसर दिसते, पिवळ्या बल्बखाली सगळंच सोनेरी दिसतं. उजेड फसवा असेल तर पुढची निवडही फसते.

आता दागिन्यांचे चार ढीग करा. किमतीचा विचार बाजूला ठेवा, फक्त रंग बघा: पिवळा, पांढरा, तांबूस आणि काळसर.

पिवळ्यात २२ कॅरेटचं सोनं येतं. त्यावर ९१६ असा शिक्का असतो, म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं आणि उरलेलं तांबं, चांदी वगैरे. हिऱ्याच्या दागिन्यांवर बऱ्याचदा ७५० दिसेल. ते १८ कॅरेट, त्याचा पिवळा जरा फिका असतो. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असावाच लागतो. आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच, म्हणून त्यांच्यावर शंका घेऊ नका. एक ग्रॅमचे आणि मुलाम्याचे दागिनेही याच ढिगात, पण वेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

पांढऱ्यात ९२५ शिक्क्याची चांदी, प्लॅटिनम, व्हाइट गोल्ड आणि स्टीलचं घड्याळ. व्हाइट गोल्डवर सहसा ऱ्होडियमचा थर असतो. तो झिजला की आतला पिवळट रंग वर येतो आणि शुभ्र चांदीशेजारी लगेच कळतो. तांबूस ढिगात रोझ गोल्ड आणि तांब्याचं कडं. रोझ गोल्डचा गुलाबीपणा त्यातल्या जास्तीच्या तांब्यामुळेच येतो, म्हणून ही दोन एकमेकांना सहज सामावून घेतात. काळसर ढिगात ऑक्सिडाइज्ड. त्यात खरी चांदी मुद्दाम काळी केलेली असते किंवा जर्मन सिल्व्हर असतं. जर्मन सिल्व्हर हे नाव फसवं आहे. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं, चांदी त्यात नावालाही नसते.

कोणाकडे जुन्या रुपयांची माळ असेल तर नाण्यांवरची सालं बघा. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारातले अकरा भाग चांदी होती, म्हणजे २२ कॅरेट सोन्यात जितकं सोनं तितकीच. १९४० पासून ती निम्म्यावर आली. एकाच माळेत दोन्ही प्रकारची नाणी असली की घासल्यावरही सगळ्यांना सारखा रंग येत नाही. त्या मिश्रणाचाच तो रंग आहे, जास्त घासून काही होत नाही.

इथे थांबून बघा: पिवळ्या ढिगातली २२ कॅरेटची एखादी वस्तू आणि एक ग्रॅमची एक वस्तू तळहातावर शेजारी ठेवा. मला तरी सोनं आणि चांदी शेजारी असण्यापेक्षा हे दोन वेगळे पिवळे शेजारी असणं जास्त खटकतं. पिवळ्या-पांढऱ्यातला फरक मुद्दाम केलेला वाटतो. दोन पिवळ्यांतला फरक चुकून राहिल्यासारखा दिसतो. एक ग्रॅमचा हार घालायचाच असेल तर तो खऱ्या सोन्याला चिकटून नको, मध्ये चांदी, मोती किंवा काळे मणी येऊ द्या.

## २. एक दिवस आधी स्वच्छ करा, पण सगळं एकाच पाण्यात नाही

नवं लखलखीत सोनं आणि त्याशेजारी काळवंडलेली चांदी, हे दिसायला मिश्रण नसून दुर्लक्ष दिसतं. दोन्हींची चकाकी जवळपास यायला हवी.

सोन्यासाठी कोमट पाणी, रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. नक्षीच्या मागच्या बाजूने घासा, मळ तिथे साठतो. पोकळ दागिने लाखेने भरलेले असतील तर ते गरम पाण्यात टाकू नका, लाख मऊ होते. मोत्याचं काहीही भिजवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

साधी चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे. खान्देशात हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, त्यात हिरवा लसूण आणि कांद्याची पात दोन्ही भरपूर. पार्टीला घातलेली चांदीची अंगठी दोन दिवसांत मलूल होते ती त्यामुळेच. असा काळेपणा घालवायला भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर चांदी ठेवा, चमचाभर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाका आणि गरम पाणी ओता. पाच मिनिटांत फरक दिसतो. चांदी फॉइलला टेकलेली हवी, नाहीतर काहीच होत नाही. मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा.

जपा: ऑक्सिडाइज्ड दागिना या पाण्यात चुकूनही टाकू नका. त्याचा काळा रंग म्हणजेच त्याची नक्षी, पाच मिनिटांत ती पुसली जाईल आणि हाती सपाट पांढरा तुकडा राहील. खडे बसवलेले, मुलामा दिलेले आणि मोत्याचे दागिनेही यात नकोत. टूथपेस्ट तर कशालाच लावू नका. त्यातले बारीक कण सोन्या-चांदीवर ओरखडे काढतात. आज ते दिसत नाहीत, वर्षभराने सगळा दागिना धुरकट दिसतो.

## ३. जे निघत नाही ते आधी मोजा

ही पायरी बहुतेक जणी गाळतात आणि चुकीचं मूळ इथेच असतं.

आरशासमोर साध्या घरच्या कपड्यांत उभं राहा. अंगावरून जे काढणार नाही, ते एका कागदावर लिहा. मंगळपोत. जोडवी. नाकातली चमकी. लग्नातली अंगठी, जी आता बोटातून निघतच नाही. कानातल्या वरच्या बाळ्या. प्रत्येकीपुढे तिचा रंग लिहा.

मग त्या दिवशी अंगावर असणारा, पण दागिना न समजला जाणारा धातू लिहा. चष्म्याची फ्रेम. घड्याळ. पर्सची साखळी. ब्लाउजच्या पाठीवरचे लटकन. पदरावरची पिन, केसांतल्या क्लिपा, चपलेवरचं बक्कल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे साडीची जर. अंगावरचा सगळ्यात मोठा धातूचा पट्टा जरीचा असतो, तरी निवड करताना तो कोणाच्या लक्षात येत नाही.

मागच्या वर्षी एका मुलीला तयार करत होते. गळ्यात, कानात, हातात सगळी चांदी, सुंदर जमली होती. तरी काहीतरी टोचत होतं. दोन पावलं मागे गेले तेव्हा दिसलं. चष्म्याची फ्रेम जाड सोनेरी, आणि चेहऱ्यावर दुसरं पिवळं काहीच नाही. चष्मा बदलता येत नव्हता. तिच्या मंगळपोतीतल्या वाट्या पदराखाली गेल्या होत्या, त्या फक्त वर काढल्या. फ्रेमला सोबत मिळाली आणि डोळा शांत झाला.

इथे थांबून बघा: कागदावर पिवळं किती आणि पांढरं किती, ते मोजा. ज्याचं पारडं आधीच जड आहे, त्याच्याविरुद्ध जायचं असेल तर पुढे जास्त मेहनत लागेल.

## ४. कोण पुढे, कोण मागे ते ठरवा

अंगावर निम्मं सोनं आणि निम्मी चांदी झाली की दोन्ही एकमेकांशी भांडतात. एक धातू पुढे हवा. माझा हिशोब साधा आहे: दिसणाऱ्या दर तीन दागिन्यांत दोन एका रंगाचे, एक दुसऱ्याचा. तांबूस किंवा काळसर असा तिसरा रंग आणायचा असेल तर तो एकाच जागी, छोटा.

कोण पुढे हे कपडा सांगतो. सोनेरी जरीची पैठणी असेल तर सोनं पुढे आणि चांदी कानात किंवा बोटात. खणाची, सुती किंवा हातमागाची साडी असेल, तर मी डोळे मिटून चांदीला पुढे करते. रुपेरी जर असेल तर प्रश्नच नाही. गोऱ्या रंगाला चांदी आणि सावळ्या रंगाला सोनं, असे नियम सर्रास सांगतात. मी इतक्या जणींना तयार केलं, पण मला ते कधी खरे वाटले नाहीत. सातपुड्यातल्या आदिवासी बायकांच्या अंगावर होळीला जड चांदी बघा. सावळ्या कातडीवर चांदी जशी उठते, तशी कशावरच उठत नाही.

अशी जड, जुनी चांदी तुमच्याकडे असेल तर तीच पुढे राहणार, दुसरा पर्याय नाही. तिच्याशेजारी नाजूक सोन्याची साखळी हरवून जाते. त्या दिवशी सोनं कानात आणि नाकात ठेवा, गळा पूर्ण चांदीला द्या.

## ५. दोघांमध्ये दुवा टाका

शेजारी-शेजारी ठेवलेले दोन धातू अनोळखी वाटतात, कारण त्यांना जोडणारं तिसरं काही नसतं. हा दुवा बहुतेकींच्या घरात आधीच असतो. मंगळपोतीचे काळे मणी. काळा रंग सोन्याशी बसतो तसाच चांदीशीही बसतो, आणि ऑक्सिडाइज्डच्या काळ्या नक्षीशी तर त्याचं जुळतंच. म्हणून सोन्याच्या वाट्यांची मंगळपोत आणि ऑक्सिडाइज्ड झुमके ही जोडी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी. मंगळपोत सगळी सोन्याच्या साखळीची असेल, काळे मणी चारच असतील, तर हा फायदा मिळत नाही.

दुसरा दुवा मोती. सोन्यात गुंफलेली मोत्याची नथ पांढरा आणि पिवळा दोन्ही रंग सोबत घेऊन येते. नथ आहे तर गळ्यात चांदीची ठुशी निर्धास्त घाला. तिसरा दुवा म्हणजे दोन रंगांचा एकच दागिना: अर्धा भाग मुलाम्याचा, अर्धा चांदीचा असं कडं किंवा अंगठी. नवीन काही विकत घ्यायचंच असेल तर सेट घेऊ नका, असा एकच तुकडा घ्या. तो पेटीतल्या बाकी सगळ्यांना उपयोगी पडतो.

नेहमीची चूक: दुसरा धातू एकाच जागी घालणं. गळ्यात, हातात सोनं आणि एका बोटात एकटीच चांदीची अंगठी. बघणाऱ्याला वाटतं, ही काढायची राहिली. तिला जोडीदार द्या, कानात किंवा दुसऱ्या हातात. दोन ठिकाणी दिसलं की ठरवून केलेलं कळतं.

## ६. गळा, कान, हात: या क्रमाने जोड्या लावा

गळा. सगळ्यात आधी गळा, कारण मंगळपोत तिथे आहे आणि ती हलणार नाही. दुसऱ्या धातूचा दागिना तिच्यापेक्षा स्पष्ट आखूड किंवा स्पष्ट लांब हवा. दोन्हींच्या टोकांत चार बोटांचं तरी अंतर ठेवा. सारख्याच लांबीच्या दोन माळा दहा मिनिटांत एकमेकींत गुंततात, आणि वाट्या चांदीच्या मण्यांवर घासत राहतात. गळ्यालगत ठुशी किंवा सरी, खाली मंगळपोत, एवढं पुरेसं आहे. तिसरी माळ घालायचीच असेल तर ती पुढे असलेल्या धातूचीच घाला.

फासा मागे कुठे येतो तेही बघा. दोन माळांचे फासे एकावर एक आले की मानेवर गाठ दिसते आणि केस अडकतात. दोरा किंवा गोफ थोडा मागेपुढे करून एक फासा वर आणि दुसरा खाली ठेवा.

कान. गळ्यात जो धातू मागे आहे, तो कानात आणला की तोल साधतो. गळ्यात ठसठशीत सोनं असेल तर चांदीचे झुमके. दोन्ही कानांत एकच जोड राहू द्या. वर दुसरं छिद्र असेल तर तिथे दुसऱ्या धातूची लहान बाळी छान दिसते. फिरकी घट्ट आहे का ते आजच बघा. सैल फिरकी मांडवात पडली की परत मिळत नाही.

हात. इथे नजरेपेक्षा घर्षणाचा विचार जास्त करावा लागतो आणि इथलं नुकसान भरून येत नाही. सोनं आणि चांदी दोन्ही मऊ. कठीणपणाच्या मोजपट्टीवर, जिच्यात हिरा १० वर आहे, ती साधारण अडीच ते तीनवर येतात. स्टील आणि काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे स्टीलचा पट्टा सोन्याला कोरतो, सोनं स्टीलला काही करू शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. लग्नात आत्याने मला तिच्या पाटल्या दिल्या होत्या. एका लग्नाच्या धावपळीत वेळ चुकायला नको म्हणून त्याच हातात स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ घातलं. भुसावळला गेलो, दिवसभर पंगतीत वाढलं, संध्याकाळी परतलो. रात्री काढताना दिव्याजवळ धरली, तर पाटलीच्या कडेला पट्ट्याच्या कडीच्या मापाच्या बारीक रेघा, एकीखाली एक, नखाला लागाव्यात इतक्या खोल. सोनाराने सांगितलं, पॉलिश करून जातील, पण तेवढं सोनंही जाईल. मी त्या तशाच ठेवल्या. हात धुताना अजून बोट त्या रेघांवरून फिरतं.

म्हणून घड्याळ एका हातात, सोनं दुसऱ्या हातात. हिऱ्याची अंगठी आणि सोन्याची अंगठी शेजारच्या बोटांत नकोत, मध्ये एक बोट मोकळं सोडा. चांदीचे गोठ आणि सोन्याच्या पाटल्या एकाच हातात घालायच्या असतील तर मध्ये लाखेची बांगडी घाला. लाख दोन्हींपेक्षा मऊ आहे. काचेच्या बांगड्यांनी डोळ्यांना अंतर मिळतं आणि हिरवा चुडा दोन्ही धातूंना शोभतो, पण काच सोन्याहून कठीण आहे, त्यामुळे रोजच्या वापरात पाटली तिने झिजते. एका दिवसासाठी हरकत नाही.

पुरुषांचं काम सोपं आहे. गळ्यातली चेन सोन्याची आणि हातात चांदीचं कडं असेल तर घड्याळाचा पट्टा चामड्याचा घ्या. तिसरा धातू आपोआप टळतो.

पाय नेहमीसारखे चांदीचेच. साडी पायघोळ असेल तर पैंजण मोजणीत धरू नका. आखूड सलवार किंवा घोट्याच्या वर येणारी पँट असेल तर मात्र पैंजण हा दिसणारा दागिना आहे, आणि कानातल्या एकट्या चांदीला जोडीदार हवा होता तो इथेच मिळाला.

## ७. घालण्याचा क्रम

आधी साडी, मग केस, मग क्रीम, पावडर, अत्तर. त्यानंतर दहा मिनिटं थांबा. सगळं कातडीत मुरलं की दागिने. मुलाम्याचा दागिना सगळ्यात शेवटी, कारण अत्तर आणि घाम त्याचा थर सगळ्यात लवकर खातात.

आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये आणि पारा चाळीसच्या पुढे. घामातल्या क्षारांशी चांदीचा आणि तांब्याचा संयोग होतो आणि मानेवर काळी किंवा हिरवट रेघ उमटते. "हिच्या अंगात उष्णता आहे" असं बायका म्हणतात, पण हे कोणाच्याही मानेवर होऊ शकतं. साबणाने धुतली की रेघ जाते. टाळायचं असेल तर मान कोरडी ठेवा, आणि दर दोन तासांनी माळ उचलून खालून रुमालाने टिपा.

जपा: रेघेऐवजी खाज सुटली किंवा लाल पुरळ उठलं तर तो घामाचा प्रकार नाही. बहुधा निकेल सोसत नाही. दागिना लगेच काढा. आतून नेलपॉलिशचा रंगहीन थर लावतात, तो थोडा वेळ टिकतो आणि घासला की निघतो. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी जर्मन सिल्व्हर घालूच नये.

हळदीच्या कार्यक्रमाला ऑक्सिडाइज्ड काहीही घालू नका. हळद नक्षीच्या खाचांत बसते आणि काढायला गेलं की काळा रंगही निघतो. साधी, गुळगुळीत चांदी किंवा सोनं घाला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. तिला निरोप द्यायला डोक्यावर घेऊन निघतात, फुगड्या होतात. तेव्हा हलणारा, लोंबणारा कोणताही दागिना नको. गळ्यालगतची चांदीची सरी, मंगळपोत पदरात खोचलेली, कानात छोट्या कुड्या, हातात पाटल्या. फुगडीत दोघींचे हात मनगटाशी धरले जातात, तेव्हा जाड कड्याची धार समोरचीच्या हाताला लागते, म्हणून कडं घरीच.

## ८. निघण्याआधीची तपासणी

आरशाजवळून दागिना दिसतो, जोडी दिसत नाही. कोणाला तरी सहा-सात फुटांवरून फोटो काढायला सांगा. एक दारात, उजेडात. एक आतल्या दिव्याखाली, कारण कार्यालयात तसाच प्रकाश असणार. फोटोत नजर आधी कुठे जाते ते बघा. पुढे ठेवलेल्या धातूकडे गेली तर सगळं ठीक. एखाद्या एकट्या वस्तूवर जाऊन अडकली, तर ती काढा किंवा तिला जोड द्या.

मग दोन्ही हात हलवा आणि कान देऊन ऐका. बांगड्यांची किणकिण वेगळी, आणि धातू धातूवर घासल्याची खरखर वेगळी. खरखर आली तर क्रम बदला. मान डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा, झुमका माळेत अडकत नाही ना. पदर खांद्यावर घेताना ठुशीचा आकडा साडीची जर ओढत नाही ना. जर एकदा ओढली गेली की ती साडी रफूवाल्याकडेच जाते.

आता काही कमी करायचं असेल तर मागे ठेवलेल्या धातूचा, जोड नसलेला तुकडा काढा. मंगळपोतीशी खेळत बसू नका, तिच्याभोवतीचं बदला.

## ९. घरी आल्यावर

थकून आल्यावर सगळे दागिने एकाच वाटीत टाकून झोपायचं, ही सवय सगळ्यात महाग पडते. रात्रभर हिऱ्याची अंगठी, स्टीलचं घड्याळ आणि पाटल्या एकमेकांवर घासतात आणि ओला घाम चांदीवर बसून राहतो. मुलाम्याचे आधी काढा, मग चांदी, मग सोनं. प्रत्येक दागिना मऊ सुती फडक्याने पुसून पंख्याखाली अर्धा तास मोकळा ठेवा.

मग वेगवेगळं बांधा. सोनं मलमलीत, एक वस्तू एका पुरचुंडीत. चांदी हवा जाणार नाही अशा झिपच्या पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढून, सोबत खडूचा एक तुकडा ओल शोषायला. ऑक्सिडाइज्ड वेगळ्या पिशवीत. चांदीला रबर बँड कधीही लावू नका. रबरात गंधक असतं आणि जिथे ते टेकतं तिथे काळा पट्टा पडतो. लोकरीच्या शालीत गुंडाळलेली चांदीही अशीच काळी होते.

जमलेली जोडी मोबाइलमध्ये त्याच फोटोसह ठेवा. मी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर साडीचं नाव आणि पुढे दागिने लिहिते: हिरवी पैठणी, मोत्याची नथ, मंगळपोत, चांदीची ठुशी, डाव्या हातात पाटल्या. त्यात गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी ओळ पडली. खणाची साडी, चांदीची सरी, सोन्याच्या कुड्या, घड्याळ नाही.